कोणती चूक सोडून द्यायची

मराठी माध्यमातल्या नववीच्या वहीत ‘सुट्टीतली सहल’ या विषयावर असा परिच्छेद सहज सापडेल. नमुना बेतलेला आहे, आणि स्पेलिंग सगळी बरोबर आहेत असं धरू.

‘लास्ट संडे आय हॅड गॉन टू त्र्यंबकेश्वर विथ माय फॅमिली. व्हेन वी रीच्ड टू टेंपल दॅट टाइम बिग लाइन वॉज देअर. माय फादर आस्क्ड टू वन मॅन दॅट हाऊ मच टाइम इट विल टेक. ही सेड दॅट आय ऑल्सो डोंट नो. दो वी वेअर टायर्ड बट वी स्टूड इन लाइन फॉर थ्री आवर्स. बिकॉज माय ग्रँडमदर वॉन्टेड दर्शन. आफ्टर दर्शन वी एट मिसळ. माय ग्रँडमदर डिड नॉट एट एनीथिंग, शी सेड टुडे इज माय एकादशी ओन्ली.’

शब्द शहात्तर. तपासायला बसलं तर सोळा-सतरा जागी पेन टेकवता येतो, आणि बहुतेक वेळा तो टेकवलाही जातो. ‘हॅड गॉन’वर काट, वर ‘वेन्ट’. ‘टू’ उडवला. ‘टेंपल’च्या आधी ‘द’ घुसवला. ‘दॅट टाइम’ खोडलं. खाली ‘इम्प्रूव्ह युवर ग्रामर’ असा शेरा, सही, तारीख. तपासणाऱ्याची दहा मिनिटं गेली. मुलगी वही उघडते, लाल रंग बघते, वही मिटते. पुढच्या निबंधात ‘हॅड गॉन’ पुन्हा हजर.

इथे मेहनत कमी पडलेली नाही. उलट सगळी डोकेफोड तपासणाऱ्यानेच करून टाकली, मुलीला करायला काही उरलंच नाही. सतरापैकी चार जागा आज धरायच्या आणि बाकीच्या जिवावर दगड ठेवून सोडायच्या, ही निवड जमली की वही तपासणं जमलं. दिंडोरी-निफाडकडे द्राक्षाच्या घडाची विरळणी करतात ती याच हिशेबाने. सगळे मणी ठेवायचे म्हटलं तर एकही धड फुगत नाही.

पहिलं वाचन पेनाशिवाय

पहिल्यांदा वाचताना पेन हातात नको. हातात असला की तो आपोआप चुकीकडे धावतो आणि मजकूर वाचायचा राहतो. या परिच्छेदात काय चांगलं आहे ते बिनपेनाने वाचल्यावरच कळतं: तीन तास रांगेत उभी राहिलेली आजी शेवटी काहीच खात नाही, तिची एकादशी आहे. मजकुराचा जीव तिथे आहे. शेऱ्याची सुरुवात तिथूनच व्हायला हवी.

दुसऱ्या वाचनात फक्त एक गोष्ट शोधायची: कुठे वाचणाऱ्याला भलताच अर्थ लागतो? ‘ही सेड दॅट आय ऑल्सो डोंट नो.’ माहीत नाही ते कुणाला? मराठीत ‘तो म्हणाला की मलाही माहीत नाही’ यात ‘मला’ म्हणजे बोलणारा माणूस, कारण आपला ‘की’ समोरच्याचं वाक्य जसंच्या तसं पुढे ठेवू देतो. इंग्रजीतल्या ‘दॅट’ला ते चालत नाही. ‘दॅट’नंतरचा ‘आय’ म्हणजे लिहिणारी मुलगी. इथे आगेमागे पाहून समजून घेता येतं, पण कचेरीतल्या पत्रात ‘द मॅनेजर सेड दॅट आय विल पे’ असं लिहून गेलं तर पैसे कुणी भरायचे यावरून भांडण होऊ शकतं. त्याच्या आधीच्या वाक्यातलं ‘दॅट हाऊ मच’ हाही त्याच ‘की’चा वंशज: ‘विचारलं की किती वेळ लागेल’. दोन चुका, एकच मूळ. म्हणून आजचं पहिलं लक्ष्य ‘की’.

दुसरं लक्ष्य जोड्यांचं. मराठी वाक्याला दोन टोकांना दोन मुठी लागतात: जेव्हा–तेव्हा, जरी–तरी, जर–तर, जसं–तसं, जो–तो. इंग्रजीत साधारणपणे एकच मूठ पुरते. ‘व्हेन’ आलं की ‘दॅट टाइम’ नको, ‘दो’ आलं की ‘बट’ नको. परिच्छेदात दोन ठिकाणी हे झालंय आणि नियम एका ओळीत सांगता येतो: दोनपैकी एकच ठेव, कुठलाही. ‘वी वेअर टायर्ड बट वी स्टूड’ हेही बरोबर आणि ‘दो वी वेअर टायर्ड, वी स्टूड’ हेही बरोबर. मुलांना हे पटकन पटतं, कारण नियम त्यांच्याच भाषेतून निघतो. अपवाद ‘इफ–देन’चा, तिथे ‘देन’ चालून जातं. पण तो आज सांगू नका.

मग ‘हॅड गॉन’? ती पुढच्या खेपेला. चूक मोठी दिसते, पण अर्थ कुठेही अडत नाही.

चुकीखालची मराठी

ती येते कुठून हे मात्र तपासणाऱ्याला ठाऊक हवं. ‘गेल्या रविवारी मी त्र्यंबकला गेलो होतो’ हे मराठीत अगदी सरळ वाक्य आहे. त्याच्या आधी-नंतर काही घडल्याचं सांगावं लागत नाही. ‘होतो’ आपण नुसतं ‘मागे कधीतरी’ या अर्थानेही वापरतो. इंग्रजीतला ‘हॅड’ दुसऱ्या घटनेचा आधार मागतो: आम्ही पोहोचलो त्याआधी गाडी गेली होती. म्हणून ‘पास्ट परफेक्ट चुकला’ असा शेरा निरुपयोगी ठरतो, मुलीच्या लेखी तो चुकलेलाच नाही. त्याऐवजी एक प्रश्न द्या: ‘याच्यानंतर घडलेली कुठली गोष्ट याच वाक्यात किंवा शेजारी आहे, जिच्याआधी हे झालं?’ उत्तर नसेल तर ‘हॅड’ काढायचा. नव्वद टक्के काम तेवढ्यावर भागतं असं म्हणायला हरकत नाही, उरलेलं अकरावीत बघू.

‘जोपर्यंत’चा घोळ याहून गंभीर. ‘सुपरवायझर येत नाही तोपर्यंत मशीन सुरू करू नका.’ आता याचं इंग्रजी: ‘डू नॉट स्टार्ट द मशीन टिल द सुपरवायझर डज नॉट कम.’ मराठीत ‘नाही’ लागतो, इंग्रजीतल्या ‘टिल’ आणि ‘अंटिल’च्या पोटात तो आधीच बसलेला असतो. सातपूर-अंबडच्या कारखान्यात अशी पाटी लागली तर मराठी माणसाला काही वावगं वाटणार नाही, परप्रांतातून आलेला इंजिनिअर मात्र डोकं खाजवेल. अशी चूक पहिल्या मसुद्यातच धरायची, विद्यार्थी कितीही नवखा असला तरी.

‘-पासून’चंही तसंच. ‘पाच वर्षांपासून इथे काम करतोय’ याचं ‘आय ॲम वर्किंग हिअर सिन्स फाइव्ह इयर्स’ होतं. एका वाक्यात दोन गोष्टी अडकल्या आहेत: काळ आणि ‘सिन्स’. दोन्ही एकदम सोडवू नयेत. आधी ‘सिन्स’ घ्या, तो सोपा आहे. घड्याळात किंवा कॅलेंडरवर बोट ठेवता येत असेल तर ‘सिन्स’, मोजून सांगायचं असेल तर ‘फॉर’. २०२० वर बोट ठेवता येतं, पाच वर्षं मोजावी लागतात.

विभक्तीच्या चुका म्हणजे न संपणारं प्रकरण. ‘त्याला विचारलं’चं ‘आस्क्ड टू हिम’, ‘नाशिकला पोहोचलो’चं ‘रीच्ड टू नाशिक’, ‘तिच्याशी लग्न’चं ‘मॅरीड विथ हर’, ‘माझ्यावर रागावला’चं ‘अँग्री ऑन मी’, ‘त्याबद्दल चर्चा’चं ‘डिस्कस अबाउट’. यांना एक नियम नाही. प्रत्येक शब्दाचं गोत्र वेगळं. त्यामुळे इथे कोडी घालण्यात अर्थ नाही, सरळ बरोबर शब्द वर लिहून द्यावा आणि ‘आस्क हिम’ अशी जोडगोळी वहीच्या मागच्या पानावर उतरवून घ्यावी. ‘बिग लाइन’चंही तेच. ‘लाँग क्यू’ हा नियमाने सापडणारा शब्द नाही, माहीत असेल तर सुचतो.

‘कारण’ हा मराठीत नव्या वाक्याचा पहिला शब्द होऊ शकतो: ‘आम्ही थांबलो. कारण आजीला दर्शन घ्यायचं होतं.’ छापील मजकुरातही हे चालतं. म्हणून ‘बिकॉज माय ग्रँडमदर वॉन्टेड दर्शन’ हे मुलीला पूर्ण वाक्य वाटतं. दुरुस्ती सोपी, आधीच्या वाक्यातला पूर्णविराम पुसायचा. गंमत अशी की मराठीला ही विरामचिन्हं लावून देण्याचं श्रेय एकोणिसाव्या शतकातल्या मेजर थॉमस कँडी या इंग्रजालाच दिलं जातं. चिन्हं तीच आली, ती वापरायची शिस्त मात्र आपली वेगळी घडली.

‘ओन्ली’ म्हणजे आपला ‘च’. ‘आजच माझी एकादशी’. ‘च’ शब्दाला चिकटतो आणि कुठेही बसतो, ‘ओन्ली’ तसा बसत नाही. इंग्रजीत तो जोर आवाजातून येतो किंवा वाक्याची मांडणी बदलून. ही चूक दहावीपर्यंत सोडून दिली तरी आकाश कोसळत नाही. आर्टिकलांचंही माझं मत तेच: मराठीत ती नाहीत, त्यामुळे ती सर्वांत शेवटी येतात, आणि दर वाक्यात दोन-दोन ‘द’ घुसवून देणाऱ्या मास्तरला शाईचा खर्च तेवढा वाढतो. एवढंच सांगा की ‘एका माणसाला’मधल्या ‘एका’साठी ‘वन’ नको, ‘अ’ हवा. बाकीचं वाचून वाचून अंगवळणी पडतं.

कॅपिटल अक्षरांवर तपासणाऱ्याने एक थेंबही घालवू नये. देवनागरीत लहान-मोठं अक्षर असा भेद नाही, म्हणून नाशिकचा ‘एन’ लहान पडतो आणि एकटा ‘आय’ही. समज इथे पुरेशी असते, नजर चुकते. वही देण्याआधी दोन मिनिटं: प्रत्येक वाक्याचं पहिलं अक्षर, माणसांची आणि गावांची नावं, एकटा ‘आय’, शेवटचा पूर्णविराम. हे न करता आलेली वही न तपासता परत. दोनदा परत गेली की तिसऱ्यांदा जात नाही.

खुणा कशा करायच्या

इंग्रजी शिकवण्याच्या अभ्यासात यावर बराच वाद झालेला आहे. पिट कॉर्डर यांनी १९६७ मध्ये चूक आणि घसरण यांत फरक केला: मुलाला नियमच ठाऊक नाही ती चूक, आणि ठाऊक असून हात घसरला ती घसरण. १९९६ मध्ये जॉन ट्रस्कॉट यांनी तर व्याकरणाच्या दुरुस्त्या करणंच सोडा असं मांडलं. १९९९ मध्ये डॅना फेरिस यांनी त्यांना उत्तर दिलं आणि चुकांचे दोन गट केले. नियम पाहून विद्यार्थी स्वतः सुधारू शकेल अशा एका बाजूला, शब्दाची निवड किंवा वाक्याची ठेवण यांसारख्या, ज्यांना नियम नाही, अशा दुसऱ्या बाजूला. रोजच्या कामाला हे दुसरं वर्गीकरण फार उपयोगी पडतं. पहिल्या गटाला फक्त खूण करायची, दुसऱ्या गटाला उत्तर द्यायचं.

घसरण ओळखायची खूण अशी: तीच रचना त्याच वहीत दुसरीकडे बरोबर आहे का? ‘डिड नॉट एट’ लिहिणाऱ्या मुलीने मागच्या पानावर ‘डिड नॉट गो’ बरोबर लिहिलं असेल तर नुसती रेघ मारा, कोड नको, समजावणी नको. शंका असेल तर तिला ते वाक्य मोठ्याने वाचायला सांगा. घसरण असेल तर ती वाचता वाचताच अडखळते.

कोड मराठी अक्षरांत ठेवावेत आणि सहापेक्षा जास्त नकोत. समासात ‘क’ म्हणजे काळ. ‘जो’ म्हणजे जोडी, दोन्ही मुठी आल्या. ‘की’ म्हणजे कुणाचं बोलणं ते बघ. ‘वि’ म्हणजे विरामचिन्ह. शब्द राहिला असेल तिथे हंसपद. अर्थ लागत नसेल तिथे नागमोडी रेघ. इंग्रजी पुस्तकांतून उचललेली वीस-पंचवीस खुणांची यादी वर्गात चिकटवलेली असते, तिच्याकडे दुसऱ्या आठवड्यानंतर कुणी बघत नाही.

खुणेतही पायऱ्या असाव्यात. पाचवी-सहावीच्या मुलाला बरोबर रूप लिहूनच द्या, त्याला अजून शोधण्याइतकं सामान मिळालेलं नाही. आठवी-नववीला चुकीखाली रेघ आणि समासात कोड. जरा हुशार झालेल्याला रेघ नको, फक्त ओळीसमोर कोड. चूक त्या ओळीत त्याने शोधावी. आणि पक्क्या विद्यार्थ्याला नुसतं तळाशी: ‘दुसऱ्या परिच्छेदात दोन जोड्या आहेत.’ एकाच वर्गात चारही प्रकारची मुलं असतात, त्यामुळे एकच पद्धत सगळ्यांना लावली की अर्ध्यांना ती जड जाते आणि अर्ध्यांना फुकट जाते.

शेरा मराठीत लिहावा. इंग्रजीच्या वहीत मराठी कशी, असं विचारणारे भेटतात. पण ज्या मुलीला वाक्य जुळवताना घाम फुटतो तिला त्या घामाबद्दलचा सल्लाही त्याच भाषेत दिला तर ती तो वाचणार नाही, वाचलाच तर तिला कळणार नाही. शेरा तीन वाक्यांचा पुरे. वरच्या परिच्छेदासाठी तो असा होईल:

‘तीन तास रांगेत उभं राहून आजीने काहीच खाल्लं नाही, ते वाचताना थांबावंसं वाटलं. तुम्ही मिसळ खात होतात तेव्हा आजी काय करत होती? एक-दोन वाक्यं वाढव. जिथे “जो” आणि “की” लिहिलंय ती चार वाक्यं पुन्हा लिही, बाकीची आहेत तशी राहू दे.’

कौतुक ‘गुड’ किंवा ‘व्हेरी नाइस’ असं नको, त्यातून काय चांगलं झालं ते कळत नाही. ‘थ्री आवर्स असा आकडा दिलास म्हणून रांग दिसली’ असं लिहिलं की पुढच्या वेळी ती आकडा देते.

साठ वह्यांचा हिशेब

आता वेळेचं बोलू, कारण वरचं सगळं वाचून कुणीही म्हणेल की साठ मुलांच्या वर्गात हे कोण करणार. एका वहीला आठ मिनिटं धरली तर साठ वह्यांना आठ तास. एका वर्गाचे. ते होणार नाही आणि होऊही नये. वर्गाचे पंधरा-पंधराचे चार गट पाडा. दर आठवड्याला एकच गट नीट तपासायचा: दोन तास. उरलेल्या पंचेचाळीस वह्या एकेका मिनिटात नुसत्या वाचायच्या, आवडलेल्या वाक्याशी बरोबरची खूण करायची आणि वेगवेगळ्या वह्यांतून पाच-सहा वाक्यं कागदावर उतरवून घ्यायची. ती वाक्यं नाव न सांगता फळ्यावर जातात. त्यातली दोन बरोबर असावीत, नाहीतर फळ्यावर आलं म्हणजे चुकलं अशी समजूत होते. महिन्यातून प्रत्येक मुलाला एकदा पूर्ण लक्ष मिळतं, आणि ते वर्षभरात चाळीस वेळा मिळणाऱ्या लाल शाईपेक्षा पुष्कळ कामाचं ठरतं.

वहीची मांडणीही आधी ठरवून टाका. लिहायचं उजव्या पानावर, डावं पान कोरं. दुसरा मसुदा डाव्या पानावर, म्हणजे दोन्ही शेजारी दिसतात आणि तपासताना पानं उलटावी लागत नाहीत. वहीची शेवटची चार पानं तीन रकान्यांची: माझं वाक्य, बरोबर वाक्य, मराठीतलं कारण. तिसऱ्या रकान्यात ‘जरी-तरी’ किंवा ‘पासून’ इतकंच लिहायचं. सहामाहीला तोच शब्द पाच वेळा दिसला की मुलालाच कळतं की आपलं घोडं कुठे अडतंय.

दुसरा मसुदा वर्गातच. वही परत दिल्यावर त्याच तासाची पहिली पंधरा मिनिटं त्यासाठी राखून ठेवायची. घरी करून आणा म्हटलं की दहा जण करून आणतात, त्यातल्या पाचांचा दादा किंवा ताई करते. या पंधरा मिनिटांवर पाणी सोडायचं असेल तर तपासणीही करू नका, सरळ झोपा.

पहिल्या मसुद्याला गुण देऊ नयेत. इस्राएलमध्ये रूथ बटलर यांनी १९८८ मध्ये प्रसिद्ध केलेल्या शाळकरी मुलांवरच्या प्रयोगात नुसते शेरे मिळालेल्यांचं काम सुधारलं, शेऱ्यासोबत गुणही मिळालेल्यांना तो फायदा झाला नाही. दहापैकी पाच दिसले की खालचा शेरा कोण वाचतो? आपल्याकडे तर शेजारच्याला किती पडले हे आधी बघितलं जातं.

दहावीच्या वर्षी आणखी एक अडचण येते. गाइडमधून पाठ केलेले परिच्छेद. वही अडखळत चाललेली असते आणि मध्येच ‘इन दिस फास्ट अँड कॉम्पिटिटिव्ह वर्ल्ड’ असं गुळगुळीत वाक्य येतं. ते खोडण्यात अर्थ नाही, त्यात चूक नाहीच. त्याच्यासमोर असा प्रश्न लिहावा ज्याचं उत्तर गाइडमध्ये नसतं. विषय नदीच्या प्रदूषणाचा असेल तर ‘पावसाळ्याआधी होळकर पुलावरून गोदावरी कशी दिसते? दोन वाक्यं.’ ती दोन वाक्यं चुकतमाकत येतील, पण तपासण्यासारखी तीच असतील.

नोकरीतलं इंग्रजी

कारखान्यात, दवाखान्यात किंवा द्राक्षं बाहेर पाठवणाऱ्या पॅकहाउसमध्ये काम करणारी मोठी माणसं शिकायला येतात तेव्हा प्राधान्य बदलतं. त्यांना आजीची गोष्ट लिहायची नाही, मेल लिहायचा आहे. ‘द मशीन इज रिपेअर’ या वाक्यातून मशीन दुरुस्त झालं, दुरुस्त होतंय की करायचं आहे, हे कळत नाही. शिफ्ट संपताना असं लिहून गेलं तर पुढची पाळी अंदाज बांधत बसते. म्हणून ‘रिपेअर्ड’, ‘बीइंग रिपेअर्ड’ आणि ‘नीड्स रिपेअर’ ही तीन रूपं त्यांना आयती द्यावीत आणि रोजच्या नोंदींत ती शोधून तपासावीत. ‘मटेरियल विल बी डिस्पॅच’मधलं शेवटचं ‘ईडी’ उच्चारात ऐकू येत नाही म्हणून लिहिण्यातही गळतं. नियम माहीत असतो, कान दगा देतो.

दुसरा मुद्दा सुराचा. ‘मला वीस तारखेला रजा पाहिजे’ यात काही उद्धटपणा नाही. ‘आय वॉन्ट लीव्ह ऑन ट्वेंटिएथ’ यात मात्र तो ऐकू येतो. मराठीत आदर ‘आपण’मध्ये, ‘द्यावी ही विनंती’तल्या ‘-वी’मध्ये बसतो. इंग्रजीत तशी सोय नाही म्हणून आपण सगळा आदर ‘रिस्पेक्टेड सर’ आणि ‘प्लीज’मध्ये कोंबतो आणि मधलं वाक्य हुकमी राहतं. ‘कुड आय टेक’, ‘वुड इट बी पॉसिबल’ असे दोन साचे दिले की काम भागतं. व्याकरण बरोबर असूनही इथे दुरुस्ती करायची असते, हे ध्यानात ठेवावं.

मग ‘डू द नीडफुल’, ‘प्रीपोन’, ‘एक्झाम दिली’चं ‘गेव्ह एक्झाम’? या चुका आहेत असं छातीठोक म्हणणं अवघड आहे, भारतभर हे इंग्रजी चालतं. वाचणारा कोण हा प्रश्न विचारायचा. पुण्याच्या मुख्य कचेरीत ‘प्रीपोन’ बिनबोभाट चालेल. जर्मनीतल्या ग्राहकाला ते दोनदा वाचावं लागेल. समासात ‘इथे चालेल, तिथे नाही’ इतकं लिहिलं तरी पुरे. लाल काट मारणं हे अडाणीपणाचं.

एक सावधगिरी. वर मी सगळीकडे ‘मराठीतून येते’ असं म्हणत आलोय, पण नाशिक जिल्ह्यात ते सरसकट खरं नाही. सुरगाणा-पेठकडून आलेल्या मुलाच्या घरी कोकणा बोलली जाते, सटाणा-कळवणकडच्या मुलाच्या घरी अहिराणी, मालेगावात कित्येक घरांत उर्दू. या मुलांना ‘जरी-तरी’ची पुस्तकी उपमा हीच परकी वाटू शकते आणि मराठीतला शेरा म्हणजे दुसऱ्या भाषेतून तिसऱ्या भाषेबद्दल बोलणं होतं. अशा वेळी ‘तुझ्या घरी हे वाक्य कसं म्हणतात?’ असं विचारून घ्यावं. उत्तरातून चुकीचं मूळ बऱ्याचदा आपोआप सापडतं, आणि आपलं अज्ञानही.

फोनवरून तपासायचं असेल तर व्हॉट्सॲपवर आलेल्या फोटोवर लाल गिरगिटा करण्यापेक्षा दीड-दोन मिनिटांचा आवाजी निरोप चांगला: आधी मजकुराबद्दल, मग दोन लक्ष्यं, मग प्रश्न. गूगल डॉक्समध्ये ‘सजेशन’ची सोय टाळावी. तिथे विद्यार्थी एका टिचकीत सगळं मान्य करतो आणि कागद स्वच्छ होतो, डोक्यात काही जात नाही. ‘कॉमेंट’ टाका, म्हणजे टाइप त्याला करावं लागतं. ग्रामर्लीसारख्या ॲपचाही तोच धोका. ते दुसऱ्या मसुद्यानंतर वापरावं, आधी नाही.

पालकांसाठी वहीच्या पहिल्या पानावर तीन ओळी लिहून ठेवाव्यात, नाहीतर ‘एवढ्या चुका, सरांनी वही बघितलीच नाही’ असा निरोप येतो: ‘दर वेळी ठरलेल्या दोनच प्रकारच्या चुका दाखवल्या आहेत. बाकीच्या दिसल्या आहेत. डावीकडचं पान बघा.’

आणि डावीकडच्या पानावर, पंधरा मिनिटांनंतर, साधारण हे असेल:

‘लास्ट संडे आय हॅड गॉन टू त्र्यंबकेश्वर विथ माय फॅमिली. व्हेन वी रीच्ड टू टेंपल, बिग लाइन वॉज देअर. माय फादर आस्क्ड टू वन मॅन हाऊ मच टाइम इट विल टेक. ही सेड दॅट ही ऑल्सो डिड नॉट नो. दो वी वेअर टायर्ड, वी स्टूड इन लाइन फॉर थ्री आवर्स. बिकॉज माय ग्रँडमदर वॉन्टेड दर्शन. आफ्टर दर्शन वी एट मिसळ. माय ग्रँडमदर डिड नॉट ईट एनीथिंग, शी सेड टुडे इज माय एकादशी ओन्ली. शी सॅट आउटसाइड द हॉटेल अँड सी अवर चप्पल्स.’

चारही जागा सुधारल्या. ‘डिड नॉट एट’ न सांगता सुधारलं, म्हणजे ती घसरण होती. ‘हॉटेल’च्या आधी ‘द’ आपणहून आला. चपला सांभाळत बसलेल्या आजीसोबत ‘सी’ची नवी चूक आली, तिला आज हात लावायचा नाही. मास्तरच्या नोंदवहीत पुढच्या खेपेसाठी: ‘हॅड गॉन’, ‘बिकॉज’.